व्हँपायर्स किस : केजने सिनेमा खाल्ला, की खाण्याचाच सिनेमा होता?

सुरपारंब्या

'व्हँपायर्स किस' ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनीही त्यातला एक चेहरा पाहिलेला असतोच. निकोलस केज, डोळे खोबणीबाहेर, भुवया कपाळात, ओठांवर विकृत हसू. त्या चेहऱ्याचं रेषाचित्र बारा-पंधरा वर्षांपूर्वी नेटवर सुटलं. आजही कुणी जगजाहीर गोष्ट नव्याने सांगितली की ते ग्रुपवर येऊन आदळतं. सिनेमा मात्र फारसा कुणी बघत नाही. इथे त्यावर धागा सापडला नाही म्हणून काढतोय. शेवटासकट सगळं लिहिणार आहे, कोऱ्या पाटीने बघायचा असेल त्यांनी इथूनच मागे फिरा.

पीटर लो हा मॅनहॅटनमधला लिटररी एजंट. उंची सूट, रात्री बार, रोज नवी मुलगी आणि अधूनमधून मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे हजेरी. एका रात्री त्याच्या घरात वटवाघूळ शिरतं. त्याला हुसकावताना आपल्याला भलतीच उत्तेजना आली, हे तो बाईंना सांगतो. मग रेचल (जेनिफर बील्स) भेटते, मानेला चावते आणि आपण व्हँपायर होत चाललोय अशी त्याची खात्री पटते. सकाळी तो तिच्यासाठी पलंगाशी कॉफी घेऊन येतो, गप्पा मारतो, आणि पलंगावर कुणीच नसतं. आरशात त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत नाही. आपल्याला मात्र स्वच्छ दिसतं. सुळे काही केल्या फुटत नाहीत, तेव्हा तो दुकानातून स्वस्तातले प्लास्टिकचे सुळे आणतो. शवपेटी कुठून आणणार, म्हणून सोफा उलटा घालून त्याखाली झोपतो.

रॉबर्ट बियरमन या ब्रिटिश दिग्दर्शकाचा हा थिएटरसाठीचा पहिला सिनेमा. लेखन जोसेफ मिनियनचं; स्कॉर्सेसीच्या 'आफ्टर अवर्स'ची (१९८५) पटकथा त्याचीच. खर्च साधारण २० लाख डॉलर. अमेरिकेत २ जून १९८९ ला लागला आणि साडेसात लाखांपर्यंतही पोचला नाही.

समीक्षकांचं काय झालं ते जास्त मजेशीर आहे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये कॅरिन जेम्सने लिहिलं की केजच्या बेबंद, आत्ममग्न अभिनयाने हा सिनेमा व्यापला आणि उद्ध्वस्त केला. इकडे न्यू यॉर्करमध्ये पॉलिन केल त्याच अभिनयावर खूश. मूकपटातले नट जे अचाट काही करायचे आणि त्यासाठीच आपल्याला आवडायचे, ते हा माणूस करतो आणि आवाजासकट जमवून दाखवतो, असं तिचं म्हणणं. एकच नट, एकच काम, शहरही एकच.

माझं मत सांगतो. जेम्सबाईंनी जे पाहिलं ते शंभर टक्के बरोबर पाहिलं. केज हा सिनेमा खातोच. फक्त ही तक्रार होऊ शकत नाही, कारण गोष्टच एका अशा माणसाची आहे जो आजूबाजूच्या सगळ्यांना खातो आणि तरी त्याला वाटतं की चावा आपल्यालाच बसलाय.

बाराखडीचा प्रसंग घ्या. (इंग्रजी बाराखडी म्हणा.) ऑफिसात एक जुना करार सापडत नाहीये. पीटर मानसोपचारतज्ज्ञ बाईंसमोर बसून तणतणतोय की कागद चुकीच्या फायलीत जाऊच कसा शकतो, क्रमाने तर लावायचा असतो! आणि तो क्रम म्हणायला लागतो. ए, बी, सी, डी. पहिली चार-पाच अक्षरं सरळ. मग हात सुटतात. प्रत्येक अक्षराला वेगळा हावभाव, आवाज चढत जातो, मध्यावर तो खुर्चीतून उठलेला असतो, आणि शेवटाकडे येईतो आपण जणू विश्वाचं गुपित सांगतोय असा आविर्भाव. कॅमेरा फारशी लुडबुड करत नाही. समोर एलिझाबेथ ॲशली शांत बसून ऐकते. तिच्या त्या शांतपणामुळे मला जास्त हसू येतं. हे सुचलं तसं केलेलं नाही. प्रत्येक हातवारा आधी बसवला होता, असं केजने नंतर अनेकदा सांगितलंय. आणि ते दिसतंही; इतकं नेमकं उधळायला तालीम लागते.

तर प्रश्न असा की हा भीषण अभिनय आहे की भन्नाट? आणि भन्नाट असेल तर इतकी वर्षं लोक नक्की कशाला हसतायत?

मंदार_डोंबिवली

मी चाळीसेक मिनिटांत बंद केला. लेख आवडला, पण सिनेमाबद्दल सॉरी. तो उच्चार काय आहे? धड ब्रिटिश नाही, धड अमेरिकन नाही. एका वाक्यात लॉर्ड, पुढच्या वाक्यात कॅलिफोर्नियातला टपोरी. दिग्दर्शक सेटवर नव्हता का?

जुनाट_टेप

मंदार, तो उच्चार मुद्दाम आहे. केजचे वडील ऑगस्ट कोपोला साहित्याचे प्राध्यापक होते, आणि त्यांची बोलण्याची ढब अशीच कमावलेली, भारदस्त होती. केजने ती उचलली. म्हणजे पीटर लो हा 'आपण फार सुसंस्कृत आहोत' याचं सोंग आणणारा माणूस, आणि सोंगाचे टाके अधूनमधून उसवतात. तुला जे खटकलं ते खटकावं म्हणूनच ठेवलंय. तरी आवडलंच पाहिजे असं नाही अर्थात.

सुरपारंब्या, भर घालतो. सिनेमा लागला त्या जूनकडे बघा. 'इंडियाना जोन्स'चा तिसरा भाग आठवड्याभरापूर्वीच आलेला, 'घोस्टबस्टर्स'चा दुसरा पंधरवड्यात येणार, त्यापाठोपाठ 'बॅटमॅन'. 'डेड पोएट्स सोसायटी'सुद्धा याच तारखेला लागला. या गर्दीत प्लास्टिकचे सुळे लावून धावणाऱ्या एजंटकडे कोण बघतंय! कॅरिन जेम्सने चार वाक्यं गोड लिहिली असती तरी गल्ला फार हलला नसता. त्यामुळे 'समीक्षकांनी मारला' हे मला पटत नाही. बाजारानेच विचारलं नाही.

दुसरं असं की त्या काळात व्हँपायरांची रेलचेल होती. 'फ्राइट नाइट' १९८५, 'व्हॅम्प' १९८६, 'द लॉस्ट बॉइज' आणि 'निअर डार्क' १९८७. बहुतेकांत रक्त, केस, गाणी, काळी जॅकेटं असं सगळं यथासांग. पोस्टर बघून आलेल्या प्रेक्षकाला हेच हवं असणार, आणि मिळाला काय तर एक जुना करार शोधणारा बॉस.

उलटा_पंखा

झुरळ! झुरळाबद्दल कुणीच कसं नाही बोललं अजून!!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तो स्वयंपाकघरात जिवंत झुरळ पकडून तोंडात टाकतो ते खरं झुरळ आहे. स्क्रिप्टमध्ये कच्चं अंडं होतं, झुरळ ही केजची हौस. आणि एकदा नाही, दोनदा खाल्लं, कारण दुसरा टेक घेतला. पुढे अलीकडे एका मुलाखतीत म्हणाला की पुन्हा कधी करणार नाही, केल्याचाच पश्चात्ताप होतो.

त्याला वटवाघूळही खरंच हवं होतं. युनिटने हात जोडले आणि यांत्रिक वटवाघळावर भागवलं.

चकवा

@उलटा_पंखा, आणि नेमकं हेच मला डोक्यात जातं. झुरळ खाल्लं म्हणजे अभिनय झाला का? प्रेक्षक पात्राला विसरून 'बापरे, याने खरंच खाल्लं' असा नटाचा विचार करायला लागतो. त्या क्षणी पीटर लो संपला, उरला निकोलस केज. कॅरिन जेम्सचा आत्ममग्न हा शब्द इथे चपखल बसतो. अंडंच बरं होतं.

सुरपारंब्या

चकवा, झुरळाबाबत अर्धं मान्य. पण तो शॉट तोंडाजवळून घेतलाय, कापाकापी नाही, पाय वळवळताना दिसतात. अंड्याने हसू आलं असतं. झुरळाने पोटात ढवळतं, आणि पीटर हे सगळं मनाने घेऊन बसलाय की खरंच माणसातून उठलाय हा प्रश्न पहिल्यांदा तिथे गंभीर होतो. नटाची फुशारकी त्यात आहेच, नाही कशाला म्हणू.

रवळनाथाचो_भाचो

मी सिनेमा पाहिला तो निव्वळ तुमच्या धाग्यामुळे, काल रात्री. ओव्हरॲक्टिंगच्या मुद्द्यावर थोडं.

आमच्याकडे दशावतारात आड-दशावतार संपायला आला की संकासुर येतो. काळा वेश, लांब लाल जीभ. पोरं किंचाळून आवशीक बिलगतात, आणि दोन मिनिटांत तोच संकासुर मालवणीतून असली काय थट्टा सुरू करतो की म्हातारेसुद्धा पोट धरून हसतात. तेवढ्यात पुन्हा अंगावर धावून जातो, पोरं पुन्हा रडायला तयार. ह्याका कोण ओव्हरॲक्टिंग म्हणता काय? भय की विनोद, असंही कोणी विचारत नाही. कारण रंगमंचावर येतानाच त्याने सांगून टाकलेलं असतं की मी असाच असणार.

केजची अडचण मला अशी वाटली की तो संकासुरासारखा आलाय आणि बाकीचं मंडळ गद्य नाटकात आहे. त्याची सेक्रेटरी अल्वा साधी बोलते, डॉक्टरीण साधी बोलते, ऑफिस खरं वाटतं, रस्ते तर खरेच. त्यामुळे तो वेडा दिसतो. आता हे दिग्दर्शकाने ठरवून केलं असेल तर त्याला सलाम, कारण गोष्ट वेडाचीच आहे. पण मधली वीस मिनिटं सोडून द्यावीत इतकी लांबली हेही सांगतो. रेचल पुन्हा पुन्हा येते, पुन्हा पुन्हा चावते, गाडी जाग्यावरच.

जुनाट_टेप

वा, भाच्यानू! 'बाकीचं मंडळ गद्य नाटकात' हे आवडलं. केजच्या डोक्यात मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू'तला (१९२२) मॅक्स श्रेक होता. शेवटी शेवटी तो रस्त्यातून चालतो ते बघा. खांदे कानापर्यंत, मान पुढे, हात अंगाशी आवळलेले, बोटं वाकडी. तो सरळसरळ जर्मन मूकपटातला देह आहे, फक्त मागे १९८८ चं न्यूयॉर्क आणि वळून बघणारे लोक. केलला मूकपट आठवला तो उगाच नाही.

हे वेड त्याच्या डोक्यातून गेलंच नाही. 'शॅडो ऑफ द व्हँपायर' (२०००) आठवतो का? मुर्नाऊ 'नोस्फेराटू' चित्रित करतोय आणि त्याचा श्रेक खरोखरच व्हँपायर आहे, ही कल्पना. श्रेक झालेल्या विलम डफोला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याचा एक निर्माता निकोलस केज. आणि २०२३ मध्ये 'रेनफील्ड'मध्ये तो स्वतः ड्रॅक्युला झाला. त्याचं काम बऱ्याच समीक्षकांना आवडलं, सिनेमा तितका नाही. साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च आणि गल्ला त्याच्या निम्माही नाही. खरे सुळे मिळाले तरी नशीब प्लास्टिकचंच.

उलटा_पंखा

अवांतर : व्हँपायर कॉमेडी म्हटल्यावर 'थामा'बद्दल इथे बोललं तर चालेल का? २०२५ च्या दिवाळीतला. आपल्या आदित्य सरपोतदारचा. 'झोंबिवली' आणि 'मुंज्या' करणारा माणूस, त्यामुळे माझ्या अपेक्षा जास्त होत्या. वेताळ आणून बसवण्याची कल्पना झकास, पण मध्येच दुसऱ्या सिनेमातले पाहुणे येऊन मारामारी करून जातात आणि आयटम साँग लागतं. 'मुंज्या'त ते पिंपळाचं झाड, ती आजी, सगळं एका गावातलं वाटत होतं. इथे सगळं पुढच्या भागाची जाहिरात असल्यासारखं.

मंदार_डोंबिवली

'मुंज्या' +१. 'थामा' मला ठीक वाटला. पण वेगळा धागा काढ ना, इथे गाडी भरकटेल.

मृणालिनी_ब

उशिरा येतेय. सगळे प्रतिसाद वाचले. झुरळ झालं, उच्चार झाला, मॅक्स श्रेक झाला. अल्वाचं नाव फक्त एकदा, तेही 'साधी बोलते' एवढ्यापुरतं. मला तर हा सिनेमा तिच्याचमुळे आठवतो, आणि चांगल्या अर्थाने नाही.

अल्वा ही पीटरची सेक्रेटरी. मारिया कॉन्चिटा अलॉन्सोने केलीय. हेदरटन नावाच्या लेखकाचा एक जुना करार शोधायचं काम पीटर तिला देतो. का, तर हे ऑफिसातलं सगळ्यात भिकार काम आहे आणि ती सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. हे तो तिच्या तोंडावर, चवीचवीने सांगतो. डोळे फाडून. लक्षात आलं का? तुम्ही ग्रुपवर पाठवता तो चेहरा या प्रसंगातला आहे. चित्र काढणाऱ्याने फक्त तो उचलला. समोरची बाई गळाली.

मग तो टेबलावर चढून तिच्याकडे बोट रोखून ओरडतो. तिच्या मागे बायकांच्या स्वच्छतागृहात घुसतो. ती आजारी असल्याचं सांगून घरी राहते, तर हा टॅक्सी करून तिच्या दारात, आणि तिथे इतका गोड की आईला वाटावं काय सज्जन साहेब आहे. शेवटी रात्री उशिरा बिचारीला तो करार खरोखर सापडतो. ती घेऊन येते. हा म्हणतो, फार उशीर झाला. आणि तिच्यामागे धावतो, तळघरापर्यंत. तिथे जे होतं त्यात हसण्यासारखं काही नाही. तिच्याजवळ पिस्तूल असतं, पण भावाने दिलेली काडतुसं पोकळ. ते पोकळ काडतुसांचं पिस्तूल पीटर स्वतःच्या तोंडात झाडतो, मरत नाही, आणि त्यावरून आपण अमर असल्याचा निष्कर्ष काढतो. इथे पुन्हा विनोद सुरू! मला विचाराल तर तिथे माझा सिनेमा संपला होता.

कॅरिन जेम्स म्हणाली केजने सिनेमा मोडला, केल म्हणाली केजने तारला. नेटवरची पोरं म्हणतात केज म्हणजे धमाल. सगळ्यांची नजर त्याच्यावरच. अल्वाकडे बघणारं कोण?

साक्षीपुरावा

मृणालिनीताईंच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि थोडा संदर्भ. हा सिनेमा बनला तेव्हा अमेरिकेत या विषयाची चर्चा नुकती कुठे कायद्यात उतरत होती. नोकरीच्या जागी लैंगिक छळामुळे वातावरणच असह्य करणं हा भेदभाव आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका बँकेच्या खटल्यात मान्य केलं. म्हणजे अल्वा करार शोधत होती तेव्हा तो निकाल दोनेक वर्षांचा. आपल्याकडे विशाखा निकाल १९९७ चा आणि कायदा २०१३ चा. अल्वाला ऑफिसात कुणाकडे जायला जागाच नाही, हे आज बघताना जास्त बोचतं. ती भावाकडे जाते. भाऊ काय करणार? तो पहार घेणाऱ्यातला.

सुरपारंब्या

मृणालिनी, हा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता वगैरे म्हणत नाही, कारण तो तुम्ही मांडलात तसा मला मांडता आला नसता. पण एका ठिकाणी भांडणार.

सिनेमाला अल्वा दिसते, असं माझं म्हणणं आहे. पीटरला घर म्हणजे चार भिंती आणि एक वटवाघूळ. अल्वाचं घर, आई, भाऊ आपल्याला दाखवले जातात. सकाळी कामावर जायच्या विचाराने तिच्या पोटात गोळा येतो, तो प्रसंग तिच्या बाजूने घेतलाय आणि त्यात एकही विनोद नाही. व्हँपायरच्या नेहमीच्या गोष्टीत बळी पडलेली बाई पांढऱ्या झग्यात पलंगावर असते आणि तिला जणू ते हवंच असतं. इथे खरी शिकार ऑफिसात होते, ट्यूबलाइटखाली, फायलींच्या कपाटापाशी. सुळ्यांची गरजच पडत नाही. पीटर जेव्हा 'मी व्हँपायर आहे' ओरडत रस्त्याने धावतो तेव्हा आपण हसतो, पण त्याआधी तासभर तो न ओरडता तेच करत होता.

शेवटही बघा. कपड्यांवर रक्त, हातात लाकडाची फळी. दिसेल त्या माणसाला विनवतोय की ही माझ्या छातीत खुपस. मग एका भिंतीशी उभा राहून मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंशी बोलतो. बलात्कार केला, खून केला असं सांगतो, आणि बाई म्हणतात, त्यात काय, मनातलं थोडं बाहेर पडलं इतकंच. वर त्याच्यासाठी एक स्थळही तयार! असल्या माणसाला जग किती सहज माफ करतं, यावर इतका विखारी विनोद मला दुसरीकडे दिसला नाही.

मृणालिनी_ब

भिंतीचा प्रसंग जबरदस्त आहे, मान्य. तो लिहिणाऱ्याला सगळं कळलेलं आहे हेही मान्य. पण कळणं आणि सांभाळणं वेगळं. माफीवरचा विनोद भिंतीपाशी होतो तेव्हा अल्वा पडद्यावर नसते. ती गाडीत बसून भावाला रस्ता दाखवते, आणि मग जे काय करायचं ते भाऊ करतो. सोफ्याखालच्या पीटरच्या छातीत ती फळी तो खुपसतो. सूडसुद्धा तिच्या वाट्याला नाही. तुमचा सिनेमा तिला बघतो, ठीक, पण तिला काही करू देत नाही. आणि प्रेक्षक कुणाचा चेहरा घेऊन घरी गेले ते आपण सगळेच जाणतो.

जुनाट_टेप

दोघांचंही पटतंय, काय करू!

डीव्हीडीवर केज आणि बियरमन यांची एकत्र कॉमेंट्री आहे, ती मिळाली तर ऐका. दोघं मजेत आहेत, पण सिनेमा एकटेपणाचा आहे हे त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येतं. मूळ लिखाण मिनियनने अत्यंत खचलेल्या मनःस्थितीत केलं होतं. केजने त्यावर स्वतःचा तमाशा चढवला. कागदावर जास्त काळोखी असलेली गोष्ट पडद्यावर विनोदी झाली ती इथे. आता नट वेगळा असता तर? समंजस, आतल्या आत धुमसणारा कुणी? मग अल्वाचे प्रसंग बघवलेच नसते. आणि मृणालिनींची तक्रार कदाचित उरली नसती, पण सिनेमाही कुणी पाहिला नसता.

'अमेरिकन सायको'शी तुलना बरेच जण करतात. सूट, पैसा, खून, आणि हे खरं घडतंय की डोक्यात ही शंका. ती कादंबरी १९९१ ची, सिनेमा २००० चा. म्हणजे हा आधीचा. तो मेरी हॅरन या बाईने दिग्दर्शित केला, आणि बायकांकडे बघण्यातला फरक तिथे दिसतो असं मला वाटतं.

चकवा

लोकांचं मत पालटलं ते सिनेमा पुन्हा पाहून पालटलं का, हा माझा प्रश्न. मला नाही वाटत. २०१० च्या आसपास केजच्या आरडाओरड्याचे तुकडे जोडलेले व्हिडिओ आले, त्यात या सिनेमाचा वाटा मोठा. लोक हसले. मग कुणीतरी म्हणालं, अहो हा तर मुद्दाम करतोय. मग नट ईथन हॉक म्हणाला की मार्लन ब्रँडोनंतर अभिनयात काही नवं करणारा हाच एक. झालं, एका रात्रीत भीषणचं भन्नाट. कॅरिन जेम्सने निदान पूर्ण सिनेमा बसून पाहिला होता. तीस सेकंदांचा तुकडा बघून अलौकिक ठरवणाऱ्यांपेक्षा मला तिचं नापास करणं जास्त प्रामाणिक वाटतं.

सुरपारंब्या

हे मात्र बिनशर्त मान्य. तुकड्यात केज नेहमी टिपेला असतो. सिनेमात तो तिथपर्यंत चढत जातो. सुरुवातीचा पीटर जवळजवळ कंटाळवाणा आहे, आणि तो तसा हवाच. बाराखडीचा प्रसंग आधीच्या अर्ध्या तासाशिवाय म्हणजे नुसता हातवाऱ्यांचा व्यायाम.

मंदार, तू चाळीस मिनिटांवर सोडलास म्हणजे बहुतेक ऐन चढावर सोडलास.

मंदार_डोंबिवली

बरं बाबा, उरलेला बघतो. मृणालिनींचं वाचून आता वेगळ्याच कारणासाठी धाकधूक आहे. बायकोबरोबर बघू की एकटा?

मृणालिनी_ब

बरोबर बघा. तळघराचा प्रसंग येणार हे तिला आधी सांगा म्हणजे झालं. आणि तो चेहरा येईल तेव्हा पॉज करून समोर कोण उभं आहे ते दाखवा.

रवळनाथाचो_भाचो

जेवणापूर्वी बघा पण. झुरळ.